परराज्याचा माल

"काय लिवलंय रे नागू त्या कागदावर?" प्रयागकाकूनं विचारलं.

बाजाराच्या लोखंडी फाटकावर कानडीत लिहिलेला एक कागद डकवलेला होता. मला कानडी बोललेलं कळायचं, वाचता यायचं नाही. पण हे काकूला सांगायचं कसं? मी नुकताच एलएल.बी. झालो होतो, आमच्या गावातला पहिला वकील. मी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि कागद वाचत असल्यासारखा उभा राहिलो. माझ्या स्वभावाची ओळख पटायला एवढं पुरे.

फाटकावरच्या पहारेकऱ्यानंच माझी अब्रू वाचवली. सीमेवरचा माणूस, त्याला मराठी येत होतं. तो म्हणाला, "परराज्याचा माल नंतर, ओ. आधी इथल्या लोकांचा."

"नंतर म्हणजे कधी?"

"इथला संपला की."

"आणि इथला कधी संपतो?"

तो हसला. "मार्च म्हैना हाय. रोज येतोय माल. संपतोय कशाला?"

आमच्या टेम्पोत रेशमाच्या कोषांच्या अकरा जाळीदार गोण्या होत्या. सहा माझ्या चुलतीच्या, म्हणजे प्रयागकाकूच्या, आणि पाच तिची शेजारीण दैवशाला हिच्या. आमच्या बाजूला तेव्हा कोष घेणारं कोणी नव्हतं. सीमा ओलांडून पाच तासांवरच्या या बाजारात यावं लागे. इथं धागा काढणारे कारखानदार लिलावात बोली लावत.

रेशमाच्या किड्याचा हिशोब फार निर्दय असतो. पंचवीस दिवस तो तुतीचा पाला खातो, मग स्वतःभोवती धागा गुंडाळून कोष करतो, आणि दहा-बारा दिवसांत आतलं पाखरू कोषाला भोक पाडून बाहेर येतं. भोक पडलं की सलग धागा निघत नाही, आणि मग तो कोष कोणी फुकट दिला तरी घेत नाही. काकूच्या कोषांचा तो नववा दिवस होता.

पंचवीस दिवस पाला खातो असं मी एका ओळीत सांगून मोकळा झालो. तो पाला आणून घालणारं कोणीतरी असतं. काकू दिवसातून चार वेळा तुती कापून आणायची, पहाटेचा पाला दव झटकून घालायची, किड्यांच्या शेडमध्ये जाताना पाय चुन्यात बुडवायची, किड्यांना सोसत नाही म्हणून कपाळाला हळदीचं बोट लावायची नाही, तोंडात तंबाखू धरायची नाही. काका मोटार सुरू करताना विजेचा धक्का बसून गेले, त्याला सहा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. सहा वर्षं ती एकटी ते दीड एकर तुतीचं रान आणि ती शेड सांभाळत होती. कोष तयार झाले की माझे वडील, अण्णा, ते घेऊन या बाजारात यायचे आणि विकून परत जायचे.

या खेपेला मात्र काकू हटून बसली. "मी सवता जानार," म्हणाली. अण्णांनी खूप सांगून पाहिलं, बायामाणसांचं काम नाही, भाषा निराळी, मुलूख निराळा. काकू म्हणाली, "नागू हाय की माज्या संगं. वकील हाय त्यो."

येताना टेम्पोत तिनं मला खरं कारण सांगितलं होतं. "दैवशालाचा नवरा सांगत हुता, तितं लिलावाला माइकवरून नाव पुकारतेत म्हनं. मालवाल्याचं नाव, गावाचं नाव. सहा वर्सं झाली रे, मी पिकवायलाव आन दुसऱ्याचं नाव पुकारायलेत. एकदा माजं नाव ऐकायचंय मला. मग मरना का."

दैवशाला खो खो हसली होती. "काकू, नाव ऐकायला पाच तास? मी हितंच पुकारते की. प्रयागबाई दिगंबर बिराजदाऽर!"

"तू पुकारलेलं कोन ऐकतंय?" काकू म्हणाली होती. तीही हसत होती.

तर असे आम्ही फाटकाबाहेर. तो सबंध दिवस बाहेरच गेला. कडुनिंबाच्या सावलीत टेम्पो लावला. काकू दर तासाला गोण्या उघडून कोष हलवत होती, एखादा कोष कानाशी नेऊन वाजवून बघत होती. फाटकातून इथले शेतकरी आत जात होते, बाहेर येत होते. त्यांचा आमच्यावर राग होता असंही नाही. एकानं तर आम्हाला पाण्याची कळशी आणून दिली. कागद कोणी डकवला हे मात्र कोणी सांगेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं टाळकं सरकलं. पिशवीतला काळा कोट काढून अंगात घातला. त्या उन्हात! पहारेकऱ्याला बाजूला सारून मी थेट बाजाराच्या सचिवांच्या खोलीत शिरलो. मागोमाग काकू आणि दैवशाला.

सचिवांचं नाव हिरेमठ. पन्नाशीचे, किरकोळ अंगाचे, समोर चहाची बशी. त्यांना उत्तम मराठी येत होतं.

"बसा," ते म्हणाले.

"मी बसायला आलेलो नाही," मी म्हणालो. आणि सुरू झालो.

काय बोललो ते मला शब्दन्‌शब्द आठवतं, कारण त्यानंतर कित्येक वर्षं मी ते भाषण मनात पुन्हा पुन्हा ऐकलं आहे. मी म्हणालो, "साहेब, हा देश एक बाजार आहे. संविधानाचा अनुच्छेद तीनशे एक वाचा. भारतभर सगळीकडं व्यापार मुक्त राहील असं लिहिलंय. माल सीमेच्या कोणत्या बाजूला पिकला यावरून त्याला फाटकाबाहेर ठेवता येत नाही. एका राज्याला झुकतं माप देणारा कायदा करायची सुद्धा परवानगी नाही, आणि तुमचा तर कायदाही नाही, नुसता डकवलेला कागद आहे! आणि हा नुसता मालाचा प्रश्न नाही. अनुच्छेद एकोणीस. आपला धंदा करण्याचा मूलभूत हक्क. मूलभूत! म्हणजे कोणी मेहेरबानीनं दिलेला नाही, कोणाच्या परवानगीनं मिळालेला नाही. ही बाई..." इथं मी काकूकडं हात केला, "ही बाई सहा वर्षं राबते आहे. तिच्या कष्टाचा माल तुम्ही बाहेर कुजवताय. उद्या पाखरं बाहेर पडली तर भरपाई कोण देणार? तुम्ही? मी उच्च न्यायालयात जाईन. तुमच्या नावानं जाईन!"

माझा आवाज इतका चढला होता की व्हरांड्यात माणसं जमली. इथले चार-दोन शेतकरीही होते त्यात. काकूला त्यातलं किती कळलं देव जाणे, पण ती माझ्याकडं अशी बघत होती की मी अजून दहा मिनिटं बोललो असतो.

हिरेमठांनी बशीतला चहा संपवला. म्हणाले, "झालं?"

"झालं."

"तुमचं बरोबर आहे, वकीलसाहेब. मीसुद्धा एलएल.बी. आहे. नोकरी करून शिकलो. तो कागद इथल्या उत्पादकांच्या संघानं डकवला, मी डोळेझाक केली. करायला नको होती." त्यांनी शिपायाला हाक मारली. "तो कागद काढ. माल कुठलाही असो, आलेल्या क्रमानं आत घ्या. या बायकांचा पहिला."

एवढंच! मी तर तीन दिवस भांडायच्या तयारीनं गेलो होतो. दैवशालानं टाळी वाजवली. काकूनं माझ्या तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली, तिथंच, सगळ्यांसमोर. "माजं लेकरू," म्हणाली.

"आता अर्ज भरा," हिरेमठ म्हणाले आणि दोन छापील कागद पुढं केले. "विकणाऱ्याचं नाव, गाव, गट नंबर. सोबत सातबारा लावा. मध्ये चोरीचा माल फार येत होता, म्हणून आम्ही सातबाऱ्याशिवाय घेत नाही. नाव सातबाऱ्यावरचं हवं. पिकवणारा वेगळा आणि जमीन दुसऱ्याच्या नावावर असेल, तर मालकाच्या सहीचं संमतीपत्र लावा. दोन ओळी पुरतात. मग पिकवणाऱ्याच्या नावानं लिलाव करतो. संमतीपत्र नसेल तर मालकाच्या नावानं."

कागदपत्रं माझ्या पिशवीत होती. अण्णांनी निघताना स्वतः त्यात घातली होती.

"तुम्ही दोघी गोण्या उतरवून घ्या," मी म्हणालो. "मी हे बघतो."

दैवशाला म्हणाली, "माजं आमच्या ह्यांच्या नावानं टाका, दादा. मला काई फरक पडत नाई." आणि ती गेली. काकू दारात घुटमळली. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण हिरेमठांसमोर तिला संकोच वाटला असावा. तीही गेली.

मी खुर्चीवर बसून दैवशालाचा अर्ज भरला. मग काकूचा. सातबाऱ्यावर जे नाव होतं ते लिहिलं. खोटं काहीही लिहिलं नाही. संमतीपत्र लावलं नाही.

बाहेर आलो तेव्हा काकू शिपायाच्या मदतीनं गोण्या ओढत होती. पदर कमरेला खोचलेला, कपाळ घामानं थबथबलेलं.

"झालं का रे नागू? नीट लिवलंस ना?"

"सगळं कायदेशीर झालंय काकू," मी म्हणालो.

नीच माणूस! बावीस वर्षं झाली, पण हे वाक्य आठवलं की मला स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता, हाच त्यातला नीचपणा.

लिलावाचं सभागृह म्हणजे पत्र्याचं छप्पर असलेला लांबलचक कट्टा. कट्ट्यावर जाळीचे कप्पे ओळीनं मांडलेले, प्रत्येक कप्प्यात एकेकाचे कोष ओतलेले. काकूचे कोष पांढरेशुभ्र होते, एकसारखे, बोटाच्या पेरापेक्षा थोडे मोठे. कारखानदार एकेका कप्प्यापाशी थांबत, मूठभर कोष उचलत, दाबून बघत, एखादा ब्लेडनं कापून बघत. काकूच्या कप्प्यापाशी ते जरा जास्त वेळ थांबत होते. एका म्हाताऱ्या कारखानदारानं कोष हातात धरून काकूला कानडीत काहीतरी विचारलं.

"काय म्हनायलेत?"

"विचारतायत, कोणाच्या हाताचा माल आहे."

काकूनं आपले दोन्ही हात पुढं केले. तुतीच्या चिकानं काळे पडलेले. म्हातारा हसला, मान डोलावली आणि पुढं गेला.

माइक सुरू झाला. आधीच आत आलेल्या इथल्या दोघा-तिघांची नावं झाली, मग दैवशालाच्या नवऱ्याचं नाव आलं. दैवशालानं तोंडाला पदर लावला. "बया! ह्यांनी कवा पाला घातला म्हनून ह्यांचं नाव!" असं म्हणून ती हसू लागली. तिच्या मालाला बरा भाव आला. ती खूश होती.

काकू उभी राहिली. तिनं कमरेचा पदर सोडून डोक्यावर घेतला, नीट केला, केस आत सारले. नाव पुकारल्यावर लोक वळून बघतात, म्हणून. मी तिच्याकडं बघायचं टाळून कोपऱ्यातल्या वजनकाट्याकडं बघत होतो. मला वाटत होतं, गर्दी आहे, गोंगाट आहे, कानडी उच्चार आहेत, तिला कळणार नाही. नाव घाईघाईनं जाईल. तिला बिराजदार एवढं ऐकू आलं तरी ती खूश होईल.

पण तो माइकवाला अगदी सावकाश बोलणारा निघाला. कप्पा नंबर बोलला. मग म्हणाला, "नागनाथ जनार्दन बिराजदार."

ते माझं नाव होतं.

बोली सुरू झाली आणि चढत गेली. त्या दिवसाचा सगळ्यात वरचा भाव त्या कप्प्याला मिळाला. म्हाताऱ्या कारखानदारानंच घेतला. लोक वळून बघत होते, पण काकूकडं नाही, कारण ते नाव तिचं नव्हतं.

"ओ सायब," काकू माइकवाल्याला म्हणाली. "नाव चुकलंय. ह्यो माजा पुतन्या हाय. मला वाचाया आलता त्यो. माल माजा हाय."

माइकवाल्यानं कागद पाहिला, मग हिरेमठांना बोलावलं. हिरेमठांनी माझा अर्ज आणि सोबतचा सातबारा उलगडला.

"नाही बाई," ते म्हणाले. "बरोबर आहे. गट नंबर एकशे सतरा, दीड एकर. मालक नागनाथ जनार्दन बिराजदार. तीन वर्षांपूर्वी फेरफार झालाय. हक्कसोडपत्रानं."

"म्हंजी काय?"

"म्हणजे तुम्ही तुमचा हिस्सा यांना सोडून दिलाय. सही करून."

"मी?" काकूनं विचारलं. मग माझ्याकडं वळली. "नागू, काय म्हनायलेत हे?"

"काकू, आपण बाहेर बोलू."

"भाईर कामून? सगळं हितं मोट्यानं बोललास. हे बी हितंच बोल."

मी चष्मा काढून पुसू लागलो. तासाभरापूर्वी व्हरांडा दणाणून सोडणारा मी!

तिला स्वतःलाच आठवलं. ती एकेक शब्द शोधत बोलत होती. "तीन सालाआदी. भावजी मला तालुक्याला घेऊन गेलते. शेडचं अनुदान मंजूर झालंय, सह्या लागतेत म्हनले. मी तीन जागी सही केली. तितला सायब काईतरी वाचत हुता, भावजी म्हनले, हाव म्हना वहिनी. मी हाव म्हनलं." ती थांबली. "तू हुतास का रे तवा?"

"नव्हतो," मी म्हणालो. "कॉलेजात होतो."

"तुला ठावं हुतं का?"

ठाऊक होतं. अण्णांनी त्याच आठवड्यात मला सांगितलं होतं. मी कायद्याच्या पहिल्या वर्षाला होतो. नवऱ्यामागं बायको पहिल्या वर्गातली वारस असते, हा धडा तेव्हाच चालू होता. अण्णा म्हणाले, "तिच्यामागं कोण आहे? शेवटी तुलाच यायचं. आत्ताच करून टाकलं की उद्या तिच्या भावांचा त्रास नको. तिला काय कमी पडू देणार आहोत का आपण?" मला ते पटलं. पटलं म्हणजे काय, मला दीड एकर मिळत होतं. फुकट मिळालेल्या गोष्टीत न पटण्यासारखं काय असतं? आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, माझं तर नावही तेच होतं. पुढं दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तर काकूनं माझ्यासाठी डिंकाचे लाडू केले होते. मी ते हॉस्टेलवर नेले, मित्रांना वाटले, खाल्ले.

"ठाऊक होतं," मी म्हणालो.

काकू खाली बसली नाही, रडली नाही. तिनं डोक्यावरचा पदर काढून परत कमरेला खोचला. दैवशालाच्या तोंडून बाहेर पडलं, "अगं आई गं! लोकां सांगे ब्रह्मज्ञान..." आणि पुढचं तिनं गिळलं.

हिरेमठांना राग आला होता. "वकीलसाहेब, मी तुम्हाला काय सांगितलं होतं? मालकाच्या दोन ओळी लावा, बाईंच्या नावानं लिलाव करतो. मला वाटलं मालक गावाकडं आहे, सही मिळणार नाही, म्हणून तुम्ही लावलं नसेल. मालक तुम्हीच! माझ्यासमोर खुर्चीवर बसलेले! पेन हातात! आणि मला मूलभूत हक्क शिकवत होता?"

"दोन ओळी लिहिल्या असत्या तर..." मी म्हणालो.

"तर काय?"

"तर तिला कळलं असतं, जमीन माझ्या नावावर आहे."

पत्र्याखाली शे-दीडशे माणसं होती. कागद डकवणाऱ्या संघातलेही त्यात असतील. आदल्या दिवशी पाण्याची कळशी देणारा तर होताच. त्यांनी आमचा माल एक दिवस बाहेर ठेवला म्हणून मी त्यांना देश काय असतो ते सुनावलं होतं. मी तिला तीन वर्षं बाहेर ठेवलं होतं, तिच्याच रानाच्या बाहेर, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

"अजून वेळ गेलेली नाही," हिरेमठ म्हणाले. त्यांनी कोरा कागद माझ्यापुढं आपटला. "लिहा. संमती द्या. मी पुन्हा पुकारायला लावतो, बाईंच्या नावानं."

मी झडप घालून पेन घेतलं. मला केवढं सुटल्यासारखं वाटलं! एक कागद लिहिला की सगळं निस्तरेल, असं आम्हा वकिलांची जातच समजते. मी लिहू लागलो, 'मी, नागनाथ जनार्दन बिराजदार, गट नंबर एकशे सतराचा मालक, माझी चुलती प्रयागबाई हिला सदर मालाच्या विक्रीस संमती...'

"काय लिवायलास?" काकूनं विचारलं.

"संमती लिहितोय काकू. तुझ्या नावानं पुकारतील आता."

"कशाची संमती?"

"तुला माल विकायची."

"मला?" ती म्हणाली. "माजा माल इकायची? तू देनार?"

मी पेनाला टोपण लावलं.

"त्या सायबाला मगा काय म्हनलास तू? कुनाची परवानगी लागत नाई म्हनलास. मेहेरबानी नाई म्हनलास. मला वाटलं माज्यासाटी बोलायलास. तू कोषासाटी बोलत हुतास व्हय रे? कोष हिकडचा असो तिकडचा असो, त्याला आत घ्या. आन मी?"

"काकू, कोष दहाव्या दिवसावर हायत," दैवशाला रडकुंडीला आली होती. "घ्या की आता. घरी जाऊन भांडा. पुरा माल जातोय वो!"

"जाऊ दे."

"सहा गोण्या हायत!"

"माज्याच हायत ना?" काकू म्हणाली. "मग जाऊ दे." आणि हिरेमठांना हात जोडून म्हणाली, "सायब, तुमचं काई चुकलं नाई. ह्याची संमती घिऊन मी इकनार नाई. ह्याच्या नावानं बी नाई. माल वापस द्या."

बाजाराचा नियम होता, भाव मान्य नसेल तर विकणाऱ्याला माल परत घेता येतो. पण कागदोपत्री विकणारा मी होतो. हिरेमठांनी माझ्याकडं पाहिलं. तेवढी एक सही मी केली. म्हाताऱ्या कारखानदारानं सगळं ऐकून घेतलं होतं, कोणीतरी त्याला समजावून सांगत होतं. तो कप्प्यापाशी आला आणि काकूला कोष गोणीत भरून देऊ लागला. मी पुढं झालो तेव्हा त्यानं मला हातानंच मागं सारलं.

परतीच्या पाच तासांत काकू पुढं ड्रायव्हरशेजारी बसली होती आणि मी मागं गोण्यांपाशी, दैवशालासमोर. उन्हानं टेम्पोचा पत्रा तापला होता. सीमा ओलांडली तेव्हा दुपार कलत होती. तेवढ्यात मला पहिलं पाखरू दिसलं. जाळीच्या आतल्या बाजूला चिकटलेलं, ओलं, मळकट पांढरं, पंख चुरगळलेले. मग दुसरं. तालुक्याचं गाव येईपर्यंत ती मोजण्यापलीकडं गेली होती. सगळ्या गोण्या आतून हलत होत्या. रेशमाच्या पाखराला उडता येत नाही, ते नुसतं पंख फडफडवत जागच्या जागी फिरतं. त्या आवाजानं मी गोण्यांवर हात दाबून धरला होता, थांबतील अशा वेड्या आशेनं. हाताला ओलं लागत होतं.

"गाडी कोर्टापाशी घ्या," काकू ड्रायव्हरला म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. टेम्पो न्यायालयाच्या आवाराबाहेर थांबला. टंकलेखनवाले आपापली यंत्रं झाकत होते, कोर्ट उठायची वेळ झाली होती. काकू खाली उतरली. एकेक करून सहाही गोण्या तिनं उतरवून आवाराच्या भिंतीला लावल्या. दैवशालानं हात लावला, तो तिनं लावू दिला. माझा नाही.

"काकू," मी म्हणालो. "माझं चुकलं. मी उद्याच्या उद्या तुझ्या नावानं करून देतो. अण्णांना मी बघतो. मी लिहून देतो तुला, आत्ता, इथं."

"परत लिवून देतो म्हनतोस," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच मला तिची भीती वाटली. "तुजं देनं पुरं झालं. मला सांग, हितं दुसरा वकील कोन हाय? तुज्या बापाला भिनार नाई असा. आन तुला वळकत नसंल तर अजून बरं."

आमच्या तालुक्यात तसा एकच वकील होता. भांडकुदळ म्हणून ख्याती, माझ्या वडिलांशी त्यांचं जुनं वाकडं. आठ दिवसांनी मी त्यांच्याच हाताखाली उमेदवारी सुरू करायची, असं ठरत आलं होतं.

मी त्यांचं नाव सांगितलं. बसतात कुठं तेही सांगितलं, जिन्याखालची डावीकडची खोली.

"गेल्यावर काय सांगू?"

"सांग, हक्कसोडपत्र रद्द करून घ्यायचंय. फसवून सही घेतली म्हणून."

"कुनाच्या इरुद्द म्हनून इचारतील."

"जनार्दन किसनराव बिराजदार," मी म्हणालो.

"आन?"

"आणि नागनाथ जनार्दन बिराजदार."

तिनं दोन्ही नावं एकदा पुटपुटून पाठ केली आणि जिन्याकडं निघाली.